पिरियड, नेक्स्ट पॅराग्राफ

काकांनी फाईल उघडली, दोन-चार पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि फाईल मिटून मांडीवर ठेवली. बस, एवढंच झालं. सप्टेंबरमधला रविवार, आमच्या कन्नमवार नगरातल्या बिल्डिंगची वार्षिक सभा, खाली जिन्यासमोरच्या जागेत मंडपवाल्याच्या प्लास्टिक खुर्च्या, वर ताडपत्री, ताडपत्रीत साठलेलं पाणी कोणीतरी काठीने ढोसून मागे पाडलं त्याचे शिंतोडे सगळ्यांच्या पायावर, आणि मी उभी राहून बोलत होते. सहा मिनिटं चार सेकंद. इतकं नेमकं माहितीय कारण दुसऱ्या माळ्यावरच्या मुलाने ते मोबाईलवर शूट केलं आणि सभा संपायच्या आत बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं. खाली लगेच 'वाघीण', 'एक नंबर ताई', 'कोणीतरी बोलायला हवंच होतं' वगैरे. डोंबिवलीच्या मामेबहिणीपर्यंत तो व्हिडिओ कसा पोचला हे मला अजून कळलेलं नाही.

विषय नेहमीचाच, गच्चीचं लीकेज. मी टॉप फ्लोअरला राहते, चौथा माळा, लिफ्ट नाही, जुनी म्हाडाची बिल्डिंग. जुलै लागला की बेडरूमच्या छताला आधी पिवळट नकाशा उमटतो, मग पोपडे सुटतात, मग आईच्या पलंगाशेजारी बादली. बादलीत पाणी पडण्याचा आवाज पहिल्या तासाला टण् असतो आणि नंतर टप् होतो, हे टॉप फ्लोअरवाल्यांनाच माहीत. काही वर्षांपूर्वी गच्चीवर काहीतरी केमिकल कोटिंग मारून घेतलं होतं, ते दोन पावसाळ्यांत सापाच्या कातीसारखं निघून आलं. तर मी उठले आणि सरळ विचारलं, की हे कोटिंग करायचा निर्णय कोणाचा? मला नाव हवंय. कोणी ठराव मांडला, कोणी हात वर केला, आणि आज तो माणूस इथे बसलाय का? 'सेक्रेटरी साहेब,' असं मी काकांना म्हटलं. ज्या माणसाने मला लहानपणी पेप्सीकोले घेऊन दिलेत त्याला मी भर सभेत 'साहेब' म्हटलं, आणि ते कसं म्हटलं, तर असं हलक्या आवाजात, शब्दाच्या आधी थोडं थांबून. टाळ्या तिथेच पडल्या.

काका काहीच बोलले नाहीत. 'बरं' म्हणाले आणि पुढचा विषय घेतला, पाण्याच्या मोटरचा.

घरी आल्यावर आई म्हणाली, "बोललीस छान. पण तू त्यांच्याकडे बघतच नव्हतीस." मी म्हटलं काय बोलतेस, मी त्यांच्याशीच तर बोलत होते. मग रात्री व्हिडिओ बघितला. पहिलं अर्धं मिनिट मी काकांकडे बघून बोलतेय, मग माझी मान हळूच डावीकडे वळते, जिथे तो मुलगा मोबाईल धरून उभा होता, आणि पुढची साडेपाच मिनिटं मी थेट मोबाईलकडे बघून बोलतेय. मधल्या एका वाक्यात तर मी 'आणि' म्हणून थांबते, मान वळवते, आणि मग उरलेलं वाक्य कॅमेऱ्यात बघून पूर्ण करते. ते बघून मला घाम फुटला, कारण ती मान वळवण्याची लकब माझी नाहीये. ती कोणाची आहे ते मला पक्कं माहितीय.

तो माणूस म्हणजे कीथ ओल्बरमन. अमेरिकेतल्या एमएसएनबीसी चॅनेलचा तेव्हाचा अँकर, 'काउंटडाउन' नावाचा त्याचा रोजचा शो होता. आता विक्रोळीच्या मुलीचा आणि त्याचा काय संबंध, तर नाईट शिफ्टचा. २००६ साली मी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करायचे. अंधेरीत सीप्झजवळ ऑफिस होतं, रात्री गाडी घ्यायला यायची, लिंक रोडने पवई तलावाच्या कडेने जाताना ड्रायव्हर काच खाली करायचा आणि तो ओला शेवाळी वास आत यायचा, त्यावर आम्ही ओळखायचो की आता दहा मिनिटं झोप शिल्लक. काम असं की तिकडचे डॉक्टर पेशंट बघून झाल्यावर फोनवर भराभर बोलून ठेवायचे, ते आम्ही कानाला हेडफोन लावून टाईप करायचो. पायाखाली पेडल, शिलाई मशीनला असतं तसं, दाबलं की आवाज पुढे, दुसऱ्या बाजूने दाबलं की मागे. शब्द नाही कळला तर तिथे ब्लँक सोडायचा, पण ब्लँक जास्त झाले की क्वालिटीवाली मॅडम बोलवायची. पैसे ओळींवर, आणि एक ओळ म्हणजे पासष्ट कॅरेक्टर. डॉक्टर लोक बोलताना विरामचिन्हंसुद्धा बोलायचे. 'पेशंटला ताप नाही कॉमा खोकला नाही पिरियड नेक्स्ट पॅराग्राफ.' पिरियड म्हणजे पूर्णविराम. दोन वर्षं रोज आठ तास हे ऐकलं की मग सगळी दुनियाच तशी ऐकू यायला लागते, बसमध्ये कंडक्टर बोलला तरी मी मनात कॉमा टाकायचे.

आमचे ट्रेनिंगचे सर कान तयार व्हावा म्हणून पेन ड्राइव्हवर वेगवेगळ्या क्लिप्स आणायचे. वेदर रिपोर्ट, चर्चमधलं प्रवचन, बेसबॉलची कॉमेंट्री. त्यात एक दिवस ही क्लिप आली. ३० ऑगस्ट २००६ची, ओल्बरमनची पहिली 'स्पेशल कॉमेंट'. आदल्या दिवशी त्यांचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी सॉल्ट लेक सिटीत माजी सैनिकांपुढे भाषण केलं होतं, त्यात इराक युद्धावर टीका करणाऱ्यांची तुलना हिटलरला चुचकारणाऱ्यांशी केली होती. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. रम्सफेल्ड हे नाव कसं लिहितात हेही नाही. पण क्लिप सुरू झाली आणि पाच-सहा वाक्यांनंतर माझ्या लक्षात आलं की माझा पाय पेडलवर नाहीये. एकदाही मागे जावं लागलं नाही. वाक्यं लांबच्या लांब, एकात एक घुसलेली, आणि तरी प्रत्येक कॉमा कानाला ऐकू येत होता. तो आधी स्पोर्ट्सचा अँकर होता हे मला नंतर कळलं, तेव्हा मनात म्हटलं, तरीच. चेंडू कुठे पडणार हे माहीत असल्यासारखा तो आवाज खाली आणायचा.

आणि मुद्दा बघा कसा फिरवला होता. रम्सफेल्ड म्हणत होते की टीकाकार म्हणजे त्या काळातले चेंबरलेन, हिटलरला चुचकारणारे ब्रिटिश पंतप्रधान. ओल्बरमन म्हणाला, अहो चेंबरलेन तर सरकार होते. सगळं आपल्यालाच कळतं असं वाटणारं सरकार. आणि त्यांच्यावर टीका करणारा, ज्याला सगळे वेडा समजत होते, तो चर्चिल. म्हणजे ज्या दगडाने मारायला आलात तोच उचलून तुमच्या हातात परत. शेवटी त्याने एडवर्ड मरो या जुन्या पत्रकाराचे शब्द वाचले, १९५४ साली, ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीविरुद्ध टीव्हीवर बोललेले, की मतभेद म्हणजे देशद्रोह असं समजू नका. त्या मरोचंच 'गुड नाइट अँड गुड लक' म्हणून हा शो संपवायचा. मी ती पूर्ण क्लिप टाईप केली. सरांनी तपासायला घेतली, एकही ब्लँक नव्हता, त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

त्या वेळी मुंबईत काय चाललं होतं ते आठवा. ११ जुलैला वेस्टर्न लाईनला अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते, संध्याकाळच्या गर्दीत, फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मी शिफ्टला निघायची तयारी करत होते, डबा भरत होते, फोन लागेनात, माझ्या टीममधला एक मुलगा मिरा रोडला राहायचा त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी दुपारी लागला, सुखरूप होता. आणि तिसऱ्या दिवसापासून जिथे बघावं तिथे 'मुंबई स्पिरिट'. मुंबई थांबली नाही, मुंबई कामावर गेली, सलाम मुंबई. अरे कामावर गेली कारण रजा टाकली तर पगार कापतात! मला आठवतंय, बसमध्ये एक माणूस पेपर वाचत होता, त्याने ती बातमी वाचून पेपरची घडी घातली, पार्श्वभागाखाली ठेवली आणि डोळे मिटले. कोणीतरी रागवावं असं मला फार वाटत होतं. शिव्या द्याव्यात असं नाही, शिव्या सगळेच देत होते. व्यवस्थित, पूर्ण वाक्यात, क्रियापद शेवटपर्यंत नेऊन कोणीतरी रागवावं. आणि दोन महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, तो ओल्बरमन न्यूयॉर्कमध्ये त्या पडलेल्या टॉवर्सच्या जागेवर उभा राहून विचारत होता की पाच वर्षं झाली, इथे अजून खड्डाच का? तो म्हणाला मी तरुणपणी इथे काम केलंय, या आता रिकाम्या झालेल्या जागेत. मी ते बघताना रडले. कोणासाठी रडत होते कोण जाणे, न्यूयॉर्क मी अजूनही पाहिलेलं नाही.

तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेनुसार आपले पहाटेचे साडेपाच. म्हणजे आमची शिफ्ट संपत आलेली असायची तेव्हा तो तिकडे बोलायला सुरुवात करत असायचा. लाईव्ह कुठे दिसणार, पण मला उगाच सोबत वाटायची. घरी आलं की अंघोळ करून ट्रायबँडचं इंटरनेट चालू करायचं, यूट्यूबचं ते गोल चक्र फिरत राहायचं, दहा मिनिटांच्या क्लिपला पंचवीस मिनिटं लागायची. व्हिडिओ मध्येच अडकायचा आणि त्याचं तोंड अर्धं उघडं राहायचं, मग मी तेवढ्यात चहा टाकून यायचे.

बाबांना दाखवला एकदा. बाबा कंपोझिटर. गिरगावात एका प्रेसमध्ये आयुष्य गेलं, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात. कॉम्प्युटरवरचं डीटीपी आलं तेव्हा प्रूफं बघायला लागले, पण स्वतःला कंपोझिटरच म्हणायचे. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, कानाने फारसं कळायचं नाही. खुर्ची ओढून बसले, चष्मा वर केला आणि पूर्ण क्लिप बघितली. मग म्हणाले, "हा बातम्या देतोय का भांडतोय?" मी म्हटलं अग्रलेख आहे असं समजा बाबा, फक्त छापायच्या ऐवजी बोलतोय. हे त्यांना एकदम पटलं. अग्रलेख म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. आमच्याकडे सकाळी पेपर वाचला जायचा नाही, अग्रलेख वाचला जायचा, मोठ्याने, गॅलरीत उभं राहून, आणि खालचे पानवाले मामा वर बघून 'आज कोणाला धुतलाय?' विचारायचे. आजोबांनी अत्र्यांना शिवाजी पार्कात ऐकलेलं, बाबा ते असं सांगायचे की जणू आजोबांच्या खांद्यावर बसून स्वतःच ऐकलं. तर बाबांचं एक म्हणणं होतं. त्यांच्या प्रेसमध्ये एक साप्ताहिक छापायला यायचं, त्याचे संपादक फार तापट, इतकी उद्गारचिन्हं घालायचे की केसमधला उद्गारचिन्हांचा खण दुपारपर्यंत रिकामा व्हायचा आणि बाबांना शेजारच्या प्रेसमधून मूठभर उसने आणावे लागायचे. "आणि टिळकांचं बघ," ते म्हणायचे, "१८९७ साली, प्लेगच्या वेळी. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? पाच शब्द. खिळा लागला फक्त एक प्रश्नचिन्हाचा."

शोच्या शेवटी ओल्बरमन हातातला कागद चुरगळून कॅमेऱ्यावर फेकायचा, ती त्याची स्टाईल होती. ते बघून मात्र बाबा नाराज झाले. "कागद कशाला फेकला? मागची बाजू कोरी होती."

नंतर आपल्याकडेही मराठी चॅनेल्स आली. २००८ला आयबीएन लोकमत सुरू झालं आणि बाबांनी निखिल वागळेंचा 'आजचा सवाल' धरला, धरला म्हणजे त्या वेळात फोन आला तरी घ्यायचा नाही. मला तिथे पाहुण्यांना मध्येच तोडणं खटकायचं, बाबांना तेच आवडायचं. २००९च्या नोव्हेंबरमध्ये शिवसैनिकांनी त्या चॅनेलचं ऑफिस फोडलं ते आमच्या विक्रोळीतलंच. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघालेले बाबा बऱ्याच उशिराने आले, पिशवी रिकामी. काय केलंत इतका वेळ, तर म्हणे बघून आलो. काय बघितलंत, तर काही नाही, पोलीस उभे होते. इतकंच. पण त्या रात्री त्यांनी टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा दोन काड्या वाढवून ठेवला होता आणि आईने कमी कर म्हटलं नाही.

मला ओल्बरमनचं आवडायचं ते हे की समोर कोणी नसायचं. एक माणूस, एक टेबल, हातात लिहून आणलेले कागद. आठ खिडक्यांतून आठ जण एकदम बोलतायत असला प्रकार नाही. हल्ली रात्री नऊला कुठल्याही घराच्या जिन्यातून वर जा, प्रत्येक दारातून तोच गलबला, आणि माझ्यासारखीने पेडल कितीही मागे दाबलं तरी ब्लँकच राहतील. त्याने लिहिलेलं असायचं. लिहिलेलं म्हणजे कुठेतरी बसून, खोडून, परत लिहून. मला त्या खोडण्याचा आदर होता. म्हणजे असं मी स्वतःला सांगायचे. खरं सांगायचं तर समोर कोणी नसणं हेच सुखाचं होतं, मध्ये कोणी 'अहो पण' म्हणत नाही. हे तेव्हा नाही सुचलं.

सगळ्यात आवडती कुठली विचाराल तर नोव्हेंबर २००८ची. कॅलिफोर्नियात लोकांनी मतदान करून समलिंगी लग्नांवर बंदी आणली, त्यावरची. त्यात तो सुरुवातीलाच सांगतो की माझा यात वैयक्तिक काही संबंध नाही, आणि मग ज्यांनी बंदीला मत दिलं त्यांना विचारतो, जवळजवळ काकुळतीला येऊन, की तुम्हाला काय फरक पडतो? दोन माणसांना एकमेकांजवळ राहायचंय, तुमचं काय जातं? आवाज चढत नाही, उलट घोगरा होत जातो. माझ्या ऑफिसातला एक मित्र होता, त्याच्या घरचे त्याच्यासाठी मुली बघत होते आणि त्याला ते का नको होतं हे फक्त मला माहीत होतं. मी त्याला ती क्लिप पाठवली. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी कँटीनमध्ये त्याने त्याच्या ताटातला गुलाबजाम माझ्या ताटात ठेवला.

पण सगळ्या काही तशा नव्हत्या. त्याच वर्षी मे महिन्यात बुशसाहेब म्हणाले की सैनिकांच्या आदरापोटी मी गोल्फ खेळणं सोडलंय, त्यावर हा इतका भडकला की शेवटी राष्ट्राध्यक्षाला सरळ 'तोंड बंद ठेवा' याच अर्थाचं काहीतरी जोरात बोलून मोकळा झाला. मी तेव्हा घरात टाळ्या वाजवल्या होत्या हे कबूल करते. पुढे पुढे विशेषणं वाढत गेली. जानेवारी २०१०मध्ये एका सिनेटच्या उमेदवाराला त्याने एका दमात इतकी विशेषणं लावली की टीव्हीवर बातम्यांची टिंगल करणाऱ्या जॉन स्टुअर्टने, जो खरं तर त्याच्याच बाजूचा, आपल्या शोमध्ये त्याची हुबेहूब नक्कल केली. तोच चढता आवाज, तीच एका कॅमेऱ्याकडून दुसऱ्याकडे गर्रकन वळणारी मान. मी ती बघून खूप हसले आणि मग वाईट वाटलं, एखाद्या आवडत्या मास्तरांची पोरांनी केलेली नक्कल बघून वाटतं तसं. ओल्बरमनने मात्र ऑन एअर कबूल केलं की हो, मी जरा अती करत होतो. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खण रिकामा झाला असेल."

त्याच सुमाराला त्याचे वडील हॉस्पिटलमध्ये होते. तो रोज त्यांच्या उशाशी बसून एका जुन्या विनोदी लेखकाच्या गोष्टी वाचून दाखवायचा, वडील म्हणाले टीव्हीवर पण वाच, म्हणून शुक्रवारी शोमध्ये वाचायला लागला. तिकडच्या हेल्थ केअर बिलावर बोलताना त्याने वडिलांच्या त्या दिवसांबद्दल सांगितलं. मी रोज टाईप करायचे ते डिस्चार्ज समरी, त्यात 'फॅमिली ॲट बेडसाइड पिरियड' एवढंच असायचं. मार्चमध्ये त्याचे वडील गेले. पुढच्या जानेवारीत एका शुक्रवारी शोच्या शेवटी त्याने हा आपला शेवटचा शो असं जाहीर केलं, आणि नंतर तो इकडे तिकडे दिसत राहिला, पण माझं बघणं सुटलं. माझंही काम बदललं, मशीनच ऐकून टाईप करायला लागलं आणि आम्ही मशीनच्या चुका काढायला बसलो. आता ऐरोलीला कोडिंगमध्ये आहे, मेडिकल कोडिंग. दिवसाची शिफ्ट. कान मोकळे. बाबा २०१४ला गेले.

तर ही अशी मान वळवायची कला मी वीस वर्षं अंगात घेऊन फिरत होते आणि मला पत्ता नव्हता.

सभेनंतर आठेक दिवसांनी मला सोसायटीचं एनओसी लागलं, बँकेच्या कामासाठी, म्हणून तळमजल्यावर काकांकडे गेले. काकूंनी दार उघडलं, कोकम सरबत दिलं, सभेबद्दल कोणी काही बोललं नाही. काका लेटरहेड शोधायला आत गेले. टेबलावर मिनिट बुक होतं, ते जाडजूड, लाल कापडी पुठ्ठ्याचं, आणि त्यात एका पानावर बसच्या तिकिटाची खूण घातलेली. मी उघडलं. का उघडलं माहीत नाही, म्हणजे माहितीय. २०१७ची सभा. काकांचं ते तिरकं, मोडीतून आल्यासारखं अक्षर. गच्ची दुरुस्तीबाबत दोन कोटेशन्स आली. एक ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेला, तीन लाख चाळीस हजार, म्हणजे वीस सभासदांना प्रत्येकी सतरा हजार. दुसरं केमिकल कोटिंग, पंच्याण्णव हजार, प्रत्येकी चार हजार सातशे पन्नास. सचिवांनी कोबा करावा असं सुचवले. बिल्डिंग लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार असल्याने जास्त खर्च करू नये असे सभासदांचे मत पडले. ठराव, कोटिंग करावे. सूचक, तिसऱ्या माळ्यावरचे एक गृहस्थ. अनुमोदक.

अनुमोदक मी.

पुढे माझी सही. मला ती सभा आठवतच नव्हती, आणि वाचता वाचता सगळी आठवली. मी उशिरा पोचले होते, ऑफिसची बॅग खांद्यालाच होती, कोणीतरी म्हटलं ताई हात वर करा म्हणजे उरकू, आणि मी हात वर करताना हेसुद्धा म्हटलं होतं की हो ना, दोन वर्षांत टॉवर उभा राहणार, कशाला पैसे पाण्यात घालायचे. तेव्हा आमच्या नगरात दर महिन्याला एखाद्या बिल्डिंगचे पत्रे लागायचे, सगळ्यांना आपला नंबर पुढचाच वाटायचा. आमचा अजून आलेला नाही.

काका लेटरहेड घेऊन बाहेर आले. उघडं पान बघितलं. खुर्चीत बसून एनओसी लिहायला लागले. मी म्हटलं, काका, तुम्ही त्या दिवशी दाखवायचं ना. ते मान वर न करता म्हणाले, "तू बोलत होतीस की. चांगलं बोलत होतीस. मध्ये कुठे बोलायचं." मग थोडा वेळ नुसता पेनचा आवाज. "आणि तेव्हा सगळ्यांनाच स्वस्त हवं होतं गं. तुझ्या एकटीचं काय." हे त्यांनी माझी समजूत काढायला म्हटलं, आणि मला इतकं लागलं की सरबत घशाखाली उतरेना. वर येताना प्रत्येक जिन्याला मनात माफीचं वाक्य तयार करत होते, पहिल्या माळ्यावर ते छान होतं, दुसऱ्यावर त्याला एक तिरकस उपवाक्य जोडलं गेलं, तिसऱ्यावर लक्षात आलं की परत भाषणच होतंय. ग्रुपवर जाऊन लिहावं का, असंही वाटलं. लिहायला घेतलं. चार ओळींनंतर ते इतकं सुंदर व्हायला लागलं की डिलीट केलं.

व्हिडिओ अजून फिरतोय. आणि मला तो अजूनही, कसं सांगू, थोडासा आवडतो. वाक्यरचना चांगली आहे. 'आज तो माणूस इथे बसलाय का' याच्यानंतरचा पॉज तर बरोबर बसलाय. त्या पॉजमध्येच व्हिडिओच्या कोपऱ्यात काका फाईलवर बोट ठेवताना दिसतात, मी झूम करून बघितलंय. ते माझ्याकडे बघतात, मी मोबाईलकडे बघतेय.

२०२५च्या जुलैमध्ये हायकोर्टाने ट्रेन स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं, एकोणीस वर्षांनी, मग सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हा निकाल दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत पाठवू नका. त्या रात्री मी खूप दिवसांनी ओल्बरमनची ती खड्ड्यासमोरची क्लिप लावली. आता बफरिंग होत नाही. आवाज तसाच, कॉमे तसेच ऐकू येतात. फक्त मी या वेळी ऐकताना सारखी विचार करत होते की आपल्याकडच्यासाठी असं कोणी उभं राहिलं तर त्याने मान कोणाकडे वळवायची, आणि मला नाव सुचेना.

परवा, दिवाळीनंतरच्या रविवारी, काकांनी सकाळी बेल वाजवली. चार माळे चढून आले होते, दारात उभं राहून आधी नुसते श्वास घेत होते. नवीन काँट्रॅक्टरने सांगितलंय की आधी गच्चीवर पाणी भरून दोन दिवस ठेवा, नेमकं कुठून गळतंय ते कळेल, मग कोटेशन देतो. "पाइप धरायला कोणीतरी हवंय," म्हणाले. तर आम्ही दोघं गच्चीवर. पाणी जायच्या तोंडांमध्ये गोणपाट आणि प्लास्टिकच्या पिशव्या कोंबल्या, कडेने मातीचा बांध घातला, टाकीतून पाइप सोडला. पाणी हळूहळू पसरत गेलं, आधी त्या निघालेल्या कोटिंगच्या पापुद्र्यांखाली शिरलं, ते फुगून वर आले आणि तरंगायला लागले. खालून कोणाच्या तरी टीव्हीवर चर्चा चालू होती. मी बोलायचं म्हणून घसा साफ केला, तर काका म्हणाले, "पाइप हलवू नकोस, त्या कोपऱ्याला धर."

तासाभराने पाणी पुरेसं झालं. काकांनी खिशातून खडू काढला, वाकता येईना म्हणून माझ्याकडे दिला, मी पॅरापेटला पाण्याच्या पातळीवर आडवी रेघ मारली. मग वही माझ्या हातात दिली, त्यांचा चष्मा खाली राहिला होता.

"लिही. रविवार, सकाळी नऊ दहा. पाणी दोन इंच. ईशान्य कोपऱ्यात बुडबुडे येत आहेत."

मी लिहिलं.

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, ईशान्य नाही गं, तो आग्नेय, सूर्य बघ ना कुठे आहे. मी खोडून परत लिहिलं.